उलाळ गाडी: कॅरव्हॅनमध्ये काय भरायचं, त्याआधी कुठे भरायचं

नवी कॅरव्हॅन सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली त्या आठवड्यात आमच्या घरात फक्त याद्या चालू होत्या. कॅरव्हॅन म्हणजे ओढायची, ट्रॅव्हल ट्रेलर, हिला स्वतःचं इंजिन नसतं, आपल्याच गाडीच्या मागे अडकवून न्यायची. बायकोची यादी वेगळी, लेकीची वेगळी, आणि माझी तर पुण्याच्या बोहरी आळीत चक्कर मारून आलो की रोज दोन ओळींनी वाढायची. शुक्रवारी रात्री सगळं भरून झालं. मागच्या बेडखालची जागा सगळ्यात ऐसपैस म्हणून पाण्याचे दोन जार तिथे, टूलबॉक्स तिथे, कांदे-बटाटे-कणीक तिथे, आणि पाठीमागच्या स्टँडवर दोन सायकली. मी खूश.

भोरहून मामा आलेले. त्यांनी कॅरव्हॅनभोवती एक चक्कर मारली, पुढच्या दांड्याला हात घातला आणि एका हाताने तो वर उचलून दाखवला. म्हणाले, "अरे, ही तर उलाळ आहे. अशीच नेणार आहेस का घाटातून?"

ज्यांनी बैलगाडी हाकलीय त्यांना हा शब्द सांगायला नको. गाडीत मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, धुरा म्हणजे तिचा पुढचा लांब दांडा वर उचलला जातो आणि जुवाच्या दोऱ्या बैलांच्या गळ्याला खालून काचतात. पुढे जास्त झाला की धुरजड, मग सगळं ओझं बैलांच्या मानेवर. गाडीवान माल भरताना धुरा हातानेच तोलून बघायचा आणि एखादं पोतं वीतभर पुढे-मागे सरकवायचा. टो-बारवर, म्हणजे कॅरव्हॅनच्या या पुढच्या दांड्यावर, किती वजन यावं याची जी चर्चा कॅरव्हॅनवाले लोक तासन्‌तास करतात ती एवढीच आहे, फक्त बैलांच्या जागी एसयूव्ही आहे आणि ती मान हलवून तक्रार करत नाही.

आता उलाळ असली तर बिघडतं काय? बाण आठवा. टोक जड, पिसं मागे. हवेत बाण थोडा तिरका झाला तर मागच्या पिसांवर वारा जोर लावतो आणि जड टोकाच्या रेषेत त्याला परत आणतो. ट्रेलरमध्ये पिसांचं काम टायर करतात. वजनाचा मध्य चाकांच्या पुढे असेल तर बाजूने एखादा ट्रक सुसाट गेला, वाऱ्याचा धक्का बसला, ट्रेलर थोडा वाकडा झाला, तरी टायर त्याला मागून धरून सरळ करतात. तोच मध्य चाकांच्या मागे गेला की बाण उलटा सोडल्यासारखं होतं, मागच्या वजनाला बाहेर पळायचं असतं आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. यातली फसवी गोष्ट म्हणजे स्पीड. ३०-४० ला काहीही जाणवत नाही, कारण तेव्हा झोका आपोआप विरतो. स्पीड वाढेल तसं हे विरणं कमी कमी होत जातं आणि एका ठरावीक स्पीडनंतर विरायच्या ऐवजी झोका वाढायलाच लागतो. म्हणजे सोसायटीतून कर्वे रोडपर्यंत झकास आणि सातारा रोडला लागल्यावर शेपूट हलायला सुरुवात. असं झालंच तर ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, झोक्याच्या उलट वळवत बसायचं नाही. गाडीचा ब्रेक करकचून दाबला तर मागचा ट्रेलर पुढे ढकलतो आणि आणखीनच वाकडा होतो.

दांड्याच्या टोकावर किती वजन हवं याचे आकडे देशागणिक बदलतात. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के सांगतात, युरोपात कमी, ५ ते ७ टक्के. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर अडकवायच्या हूकवर जास्तीत जास्त किती चालेल ते दिलेलं असतं, त्याच्या वर जायचं नाही. कारण धुरजड झाली तरी त्रास आहेच, गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हवेत असल्यासारखं लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात.

मोजायला भारी काही लागत नाही. बाथरूममधला वजनकाटा घेतला, त्यावर लाकडी ठोकळा ठेवला म्हणजे दांडा हूकच्याच उंचीवर आला, आणि दांडा त्यावर टेकवला. भरलेली कॅरव्हॅन ८०० किलो, काट्यावर आले २२. तीन टक्केसुद्धा नाही. मामांचा हात बरोबर होता.

मग रात्री साडेदहाला वही-पेन घेऊन बसलो, आणि खरं सांगतो, शाळेत तरफ शिकल्यानंतर तिचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला. आमच्या ट्रेलरमध्ये चाकापासून हूकपर्यंत ३ मीटर आहेत. दोन जार मिळून ४० किलो, चाकाच्या मागे दीड मीटरवर, म्हणजे ते दांड्याला ४० गुणिले १.५ भागिले ३, चक्क २० किलोने वर उचलत होते. ते जार सरळ चाकांच्या वर आणून ठेवले, २० किलो परत मिळाले. सायकली २८ किलोच्या, पण त्या पार मागे, २.१ मीटरवर. त्या गाडीच्या टपावर बांधल्या, आणखी जवळपास २० किलो. टूलबॉक्स आणि कणीक-कांद्याची पिशवी मिळून १५ किलो, चाकाच्या मागे १.२ मीटरवर होती ती पुढे तेवढ्याच अंतरावर नेली, १२ किलो. काट्यावर ७४. एक वस्तू कमी केली नाही, एक नवी घेतली नाही. सायकलींनी मात्र मला डोक्यात ठेवायला भाग पाडलं की शेपटावर टांगलेली हलकी वस्तूसुद्धा हलकी नसते.

म्हणजे मग सगळं जड सामान पुढच्या टोकाला कोंबलं की झालं? नाही. हे घरी करून बघा. झाडूच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना लिटर-लिटरच्या भरलेल्या बाटल्या चिकटपट्टीने बांधा, दांडा मधोमध धरा आणि मनगटाने डावी-उजवीकडे फिरवा. मग त्याच बाटल्या मुठीच्या दोन्ही बाजूला अगदी जवळ आणून बांधा आणि परत फिरवा. वजन तेवढंच, पण पहिल्या वेळी फिरवायलाही जोर लागतो आणि फिरू लागलं की थांबवायलाही. याला जडत्वाचा आघूर्ण म्हणतात, नाव भयंकर असलं तरी मनगटाला लगेच कळतं. म्हणून जड सामान चाकांच्या आसपास, थोडंसं पुढे झुकतं आणि जमिनीलगत, वरच्या कपाटांत फक्त उशा, टॉवेल आणि चिवडा.

चिवड्यावरून आठवलं, पाचगणीला पोचलो तेव्हा वेफर्सची पाकिटं टम्म फुगलेली होती आणि शाम्पूची बाटली गळून कपड्यांची बॅग सुवासिक झाली होती. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, पाचगणी १२९० च्या आसपास. एवढं चढल्यावर हवेचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो, पण पाकिटातली हवा पुण्यातच पॅक झालेली. तेव्हा बाटल्या घट्ट दाबून हवा काढायची आणि मग झाकण लावायचं. दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं, त्यामुळे वर ते ९६ च्या जरा खालीच उकळायला लागतं. चहाला फरक पडत नाही. राजमा-छोल्यांना पडतो, म्हणून पातेली दोन कमी घ्या पण कुकर घ्याच. बायकोच्या यादीत तो आधीपासून होता हे इथे नमूद करायला सांगितलंय.

पाणी हा सगळ्यात लबाड प्रवासी. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा, पण ६० लिटरची टाकी अर्धी भरली की ते पाणी वळणावर एका बाजूला धावतं आणि वजनाचा मध्य स्वतःबरोबर नेतं. पूर्ण भरलेली टाकी जड असते पण हलत नाही. पाणी तिकडे मिळणार असेल तर टाकी रिकामी न्यायची आणि पिण्यापुरतं जारमध्ये.

आता घाट. वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने चढताना इंजिन दमतं ते ऐकू येतं, उतरताना ब्रेक दमतात ते ऐकू येत नाही. गाडी नि ट्रेलर मिळून २५०० किलो धरा, उतार साडेपाचशे मीटरचा. तेवढ्या उंचीची ऊर्जा होते साधारण साडेतेरा मेगाज्यूल, म्हणजे ३० अंशांवरचं ४५ लिटर पाणी उकळीला आणता येईल एवढी. आपले पाण्याचे दोन जार आणि वर एक कळशी. न्यूट्रलमध्ये उतरलात तर ही सगळी उष्णता चाकांतल्या मूठभर लोखंडात जाते, ब्रेक तापतात, पकड सुटत जाते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना माहितीये, तिथे होणाऱ्या अपघातांनंतर न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या ट्रकांची चर्चा दरवेळी होते. खालच्या गिअरमध्ये ठेवलं की बराच भार इंजिन घेतं. चढताना जो गिअर लागला होता तोच उतरताना, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा हिशोब मला तरी पटतो.

विजेच्या बाबतीत लोक इन्व्हर्टरचं कौतुक करतात आणि बॅटरी विसरतात. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-अवर, त्यातही साधी लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरायची नाहीतर लवकर मरते. २५ वॅटचा पंखा रात्री आठ तास चालला तर २०० जातात, दिवे आणि मोबाइल किरकोळ. पण दीड हजार वॅटची किटली लावली की १२ व्होल्टच्या बाजूने सव्वाशे अँपिअर खेचले जातात. तेव्हा किटली, इस्त्री, हेअर ड्रायर घरी. रिसॉर्टवाल्याकडून लाइट घ्यायची तर एक्स्टेन्शन मात्र जाड वायरचं न्या. एक चौरस मिलिमीटरची २५ मीटर वायर जाऊन-येऊन ५० मीटर होते, तिचा रोध जवळपास ०.९ ओहम. तिच्यावर २००० वॅटचा गिझर लावला तर वायरीतच ६५-७० वॅट उष्णता होते. मोकळी पसरलेली असेल तर कळतही नाही, ड्रमवर गुंडाळलेली असेल तर मधोमध जुना साठचा बल्ब पेटवून ठेवल्यासारखं, आणि बाहेर निघायला वाट नाही. आमचा ड्रम मी पूर्ण उलगडला तेव्हा लेक म्हणाली, बाबा, तीनच मीटर लागतंय. लागू दे.

गॅसबद्दल थोडक्यात पण गंभीरपणे. घरचा १४.२ किलोचा सिलेंडर न्यायचा नाही, ५ किलोचा छोटा पुरतो. तो उभाच बांधायचा, आडवा केला की द्रवच रेग्युलेटरकडे येतो आणि तो द्रव बाहेर पडला की सुमारे अडीचशे पट फुगून वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून कॅरव्हॅनच्या तळाला जाळीच्या खिडक्या असतात. थंडी लागते किंवा मुंग्या येतात म्हणून त्यात बोळे कोंबू नका. गॅसचा अलार्म खाली लावायचा. आणि महाबळेश्वरच्या थंडीत कोळशाची शेगडी आत घेऊन झोपायचं हे कुणी कितीही प्रेमाने सुचवलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्याचा अलार्म वेगळा येतो, तो आपण झोपतो त्या उंचीवर लावायचा. यादीत वीस गोष्टी कापल्या तरी हे दोन कापू नका.

थंडी आहे म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्यात तर सकाळी काचांवरून पाणी ओघळताना दिसेल. छत गळत नाहीये, ते तुमचंच, श्वासातलं आणि घामातलं, गार काचेवर जमलेलं. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या की भागतं, गोधडी एक जास्त घ्या.

उरलेलं म्हणजे चाकांना लावायचे चार लाकडी ठोकळे, जॅक, ट्रेलरच्या टायरला बसणारा पाना (गाडीचा बसेलच असं नाही, बसवून बघा), हवेचा गेज, ट्रेलरचं वेगळं आरसी, आणि गवंड्याकडची छोटी पाणसळ. पाणसळ कशाला असं सगळे विचारतात. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये अमोनिया आणि पाणी नळ्यांतून नुसत्या उताराने वाहतं, पंप नसतो, फ्रिज फार कलता राहिला तर गार करायचा थांबतो. आमचा फ्रिज बॅटरीवरचा आहे, तरी मी पाणसळ घेतलीच, कारण कलत्या बेडवर झोपून रात्रभर बायकोच्या अंगावर घरंगळणं मी पहिल्याच रात्री करून बघितलंय.

परत यायच्या दिवशी पाचगणीत सगळं पुन्हा भरलं. जार रिकामे झालेले, त्यात स्ट्रॉबेरीचे दोन खोके आणि जॅमच्या बाटल्या वाढलेल्या, त्या अर्थातच मागच्या बेडखाली गेल्या. वजनकाटा घरी राहिलेला. मी पुढे गेलो, दांड्याला हात घातला, तोलून बघितला, आणि बाटल्या काढून पुढे आणल्या.