बीटा, तारखा आणि डी ड्राइव्ह

नवी विंडोज किंवा आयफोनची आयओएस, म्हणजे कॉम्प्युटर-फोन चालवणारी मूळ प्रणाली, लांबली अशी बातमी आली की लोक आधी कंपनीला नावं ठेवतात. मागचा इतिहास चाळला तर वापरणाऱ्याचं खरं नुकसान उशिरानं फारसं केलेलं नाही. ठरल्या तारखेला रेटून बाहेर काढलेल्या मालानं केलंय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाचं सॅम्पल पास झाल्याशिवाय लॉट धरत नाहीत. सॉफ्टवेअरचीही रीत तीच होती. अल्फा ही पहिली कच्ची आवृत्ती घरच्या माणसांनी तपासायची, बीटा ही त्यानंतरची बाहेरच्या मोजक्या गिऱ्हाइकांनी. विंडोज ९५ च्या वेळी हे मोजकेपण संपलं. 'शिकागो' या टोपणनावाची ही विंडोज पुढं पुढं ढकलली जात २४ ऑगस्ट १९९५ ला आली, पण त्याआधीच मायक्रोसॉफ्टनं तिची चाचणी आवृत्ती लाखो लोकांना सुमारे २० डॉलरला विकली होती. पैसे मोजून कच्चा माल घरी न्यायचा आणि वर त्यातल्या चुकाही आपणच कळवायच्या! अ‍ॅपलनंही तेच केलं. मॅकच्या नव्या प्रणालीचा 'कोपलंड' प्रकल्प १९९६ मध्ये गुंडाळावा लागला, मग नेक्स्ट ही कंपनी विकत घेऊन नवी बांधणी सुरू झाली. सप्टेंबर २००० मध्ये मॅक ओएस एक्सची पब्लिक बीटा २९.९५ डॉलरला आली, पक्की आवृत्ती २४ मार्च २००१ ला.

उशिराचा सगळ्यात गाजलेला नमुना म्हणजे विंडोज व्हिस्टा. तिच्या आधीची विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ ची. पुढची, 'लाँगहॉर्न' या टोपणनावाची व्हिस्टा, इतकी फुगत गेली की ऑगस्ट २००४ मध्ये बरंचसं काम बाजूला ठेवून पुन्हा पाया घालावा लागला, आणि सामान्य ग्राहकाच्या हाती ती पडली जानेवारी २००७ मध्ये. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांचं त्या पाच वर्षांत काही अडलं नाही. एक्सपीवर मराठी फॉन्ट नीट उमटत होते, पत्रिका छापून होत होत्या.

व्हिस्टाची धास्ती मात्र कंपन्यांनी घेतली. मोठी उडी नको, ठरल्या वेळी छोटे अपडेट द्यायचे, असं धोरण आलं. (डेबियन लिनक्स ही फुकट प्रणाली बनवणारे स्वयंसेवक अजूनही 'तयार होईल तेव्हा' यावरच ठाम आहेत, त्यांची 'सार्ज' आवृत्ती जवळपास तीन वर्षांनी, जून २००५ मध्ये आली.) २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं बाहेरच्या हौशी वापरकर्त्यांकडून चाचणी करून घेणारा विंडोज इन्सायडर कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी कंपनीत मोठी नोकरकपात झाली आणि तपासनीसही त्यात गेले. चाचणीचा भार घरच्यांवरून बाहेरच्यांवर सरकला तो इथं.

मग २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं १८०९ क्रमांकाचं अपडेट आलं आणि काहींच्या फायली पुसून गेलं. चूक नेमकी कुठं होती ते पाहण्यासारखं आहे. ज्यांनी डॉक्युमेंट्स फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलं होतं, पण जुन्या जागी काही फायली राहिल्या होत्या, त्यांचं ते जुनं फोल्डर अपडेटनं 'रिकामी नक्कल' समजून उडवलं. फॉरमॅट मारताना डेटा जाऊ नये म्हणून सगळं डी ड्राइव्हला वळवून देणं ही आपल्याकडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांची जुनीच खोड. म्हणजे काळजी घेणाराच सापडला. काही दिवसांत अपडेट थांबवलं गेलं, दुरुस्त होऊन १३ नोव्हेंबरला परत आलं.

जास्त बोचणारी गोष्ट वेगळीच. काही इन्सायडरांनी हीच तक्रार महिनोन्‌महिने आधी नोंदवली होती. तिला इतरांची मतं कमी पडली, म्हणून ती खालीच राहिली. त्यानंतर तक्रार किती गंभीर आहे हे सांगण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं फीडबॅक हब या तक्रारी नोंदवण्याच्या अ‍ॅपमध्ये केली. लाखो तपासनीस असून उपयोग काय, जर वाचणारा मतांची संख्याच बघत असेल?

अ‍ॅपलनं २०२३ पासून आयओएसची डेव्हलपर बीटाही, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीची कच्ची आवृत्ती, फुकट खुली केली आहे, त्यामुळं ती जूनमध्ये आली की कॉलेजातला पोरगासुद्धा ती मुख्य फोनवर टाकतो. मग बँकेचं अ‍ॅप उघडेना की राजारामपुरीतलं मोबाइल दुकान आठवतं. तिथं फोन पुसून जुनी आवृत्ती बसवून मिळते, पण बीटावर घेतलेला बॅकअप त्या जुन्या आवृत्तीवर चढत नाही.