टिमरमन्स, फेलिक्स

(५ जुलै १८८६–२४ जानेवारी १९४७). बेल्जियमच्या डचभाषक प्रदेशातील, म्हणजे फ्लँडर्समधील, कादंबरीकार, कवी, नाटककार व चित्रकार. जन्म आणि मृत्यू दोन्ही अँटवर्प प्रांतातील लिअर या गावी. मोठी नेटे व छोटी नेटे या नद्या तिथे एकत्र येतात. सेंट गुम्मारसचे गॉथिक चर्च, गावाभोवतीची कुरणे आणि बेगाइन स्त्रियांची जुनी वसाहत ही या गावाची ओळख आहे. आजन्म व्रत न घेता एकत्र राहून धार्मिक जीवन जगणाऱ्या या स्त्रियांच्या घरांमधल्या गल्ल्या टिमरमन्सच्या लेखनात वारंवार येतात. त्याच्या बहुतेक पुस्तकांचा भूगोल एवढाच आहे.

चौदा भावंडांत तो तेरावा. वडील गावोगाव फिरून लेस विकत. गोष्टी सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. शाळा लवकर सुटल्यामुळे फेलिक्सचे शिक्षण बरेचसे स्वतःच्या वाचनावर झाले. चित्रकला तो गावातल्या कलाशाळेत शिकला आणि पुढे स्वतःच्या पुस्तकांसाठी त्याने स्वतःच चित्रे काढली. १९०७ मध्ये ‘पोलेके फान मेर’ या टोपणनावाने त्याचा पहिला कवितासंग्रह निघाला.

आनंदी, खाऊनपिऊन सुखी अशा फ्लँडर्सचा लेखक म्हणून टिमरमन्स ओळखला जातो. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. तरुणपणी तो गूढविद्या आणि मृत्यूचे विचार यांत पुरता गुरफटला होता. १९१० सालचे त्याचे पहिले कथापुस्तक ‘स्खेमरिंगन फान दे डोट’ (मृत्यूची संधिप्रभा) भीतीने आणि अंधाराने भरलेले आहे. त्यानंतर तो गंभीर आजारी पडला. आजारातून उठल्यावर मात्र त्याची नजर पालटली. ‘पालीटर’ ही कादंबरी या पालटातून आली. हे लक्षात न घेता ती वाचली, तर तिच्यातला उत्सव उथळ वाटण्याचा धोका आहे. त्या उत्सवाला मरणाची ओळख आहे, आणि म्हणूनच तो इतका आसुसलेला आहे.

‘पालीटर’ १९१६ मध्ये ॲमस्टरडॅमहून प्रसिद्ध झाली. त्या वेळी बेल्जियमचा बहुतेक भाग जर्मन ताब्यात होता आणि आघाडीवर माणसे मरत होती. कादंबरीचा नायक नेटेकाठी बहीण शार्लोट हिच्यासोबत राहतो. रोजच्या दिवसातून मिळेल तेवढा रस काढून घेणे हाच त्याचा उद्योग. लेखकाने त्याला ‘दिवसांची धार काढणारा’ म्हटले आहे. कथानक असे फारसे नाही. आजारी वाटणारा वसंत हळूहळू सावरतो, पाऊस येतो, पिके उभी राहतात, जत्रा भरते, मेजवान्या झडतात, मारीकेवर प्रेम जडते, लग्न होते, तिळी मुले जन्मतात. ऋतूंच्या या फेऱ्यात प्रार्थना आणि जेवणाचे ताट यांना सारखेच मोल आहे. मात्र शेवट सुखाचा म्हणता येत नाही. नेटेचे वळणदार पात्र सरळ करण्याची योजना येते, ओळखीचा प्रदेश मोडू लागतो आणि पालीटर बायकामुलांना गाडीत घालून गाव सोडतो. इतक्या मनस्वी प्रादेशिक कादंबरीचा नायक अखेरीस प्रदेशालाच मुकतो, ही गोष्ट टीकाकारांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी होती. कादंबरीतील देहसुखाच्या मोकळ्या वर्णनांवर कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला, आणि पुढे तिच्यात काटछाट झाली. वाचकांनी मात्र ती उचलून धरली.

१९१७ च्या ‘हेट किंडेकन येझुस इन फ्लांडरन’मध्ये येशूचा जन्म फ्लँडर्सच्या हिवाळ्यात होतो. सोळाव्या शतकातील चित्रकार ब्रॉयगेल याने बायबलमधले प्रसंग आपल्या काळातल्या बर्फाळ गावांत रंगवले होते. टिमरमन्स त्याच वाटेने जातो, आणि १९२८ मध्ये त्याने ब्रॉयगेलच्या आयुष्यावर कादंबरीही लिहिली. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सणावरील त्याची कथा याच जातीची आहे. एक मेंढपाळ, एक वाम मासे धरणारा आणि एक भिकारी असे तिघे राजांची सोंगे घेऊन गाणी म्हणत दारोदार फिरतात, आणि त्या रात्री त्यांना खरोखरच पवित्र कुटुंब, म्हणजे बाळ येशू, मरिया आणि योसेफ, भेटते. या कथेवरून झालेले नाटक फ्लँडर्समध्ये फार लोकप्रिय झाले. सिम्फोरोसा या बेगाइन स्त्रीचे माळ्यावर जडलेले अबोल प्रेम सांगणारी १९१८ ची छोटी कादंबरी त्याच्या सर्वांत नाजूक पुस्तकांपैकी एक आहे.

कलाकृती म्हणून सर्वांत भक्कम ठरते ती १९३५ ची ‘बूरनप्साल्म’ (शेतकऱ्याचे स्तोत्र). वोर्टल हा गरीब शेतकरी आपली कहाणी स्वतःच सांगतो. जमिनीशी झगडा, बायकोचा मृत्यू, आंधळे मूल, वासना, देवाशी केलेली तक्रार आणि त्याच देवाचे आभार, हे सारे एका श्वासात येते. ‘पालीटर’मध्ये काम कमी आणि सुटी जास्त, इथे घाम आहे. निवेदन वोर्टलच्याच तोंडी असल्यामुळे लिअर परिसराच्या बोलीचा ठसकाही इथे सर्वांत सहज वाटतो.

त्याच्या राजकीय वर्तनाबद्दल सरळ बोलणे आवश्यक आहे. तो फ्लेमिश राष्ट्रवादी चळवळीचा पाठीराखा होता. या पाठिंब्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्याला नेदरलँड्समध्ये पळून जावे लागले आणि १९२० मध्ये तो परतला. लाइपझिगच्या इन्झेल प्रकाशनामुळे त्याची पुस्तके जर्मनीत मोठ्या प्रमाणावर वाचली जात, आणि वाचनाच्या कार्यक्रमांसाठी तो तिकडे जात असे. दुसऱ्या महायुद्धातही त्याने हे संबंध तोडले नाहीत. १९४२ मध्ये त्याने हॅम्बुर्गचा रेम्ब्रांट पुरस्कार स्वीकारला. बेल्जियम जर्मन ताब्यातून मुक्त झाल्यावर त्याच्यावर शत्रूशी सहकार्य केल्याचा ठपका आला. त्याने नाझी प्रचाराचे साहित्य लिहिले नाही हे खरे. तरी देश व्यापलेला असताना घेतलेला तो पुरस्कार निरुपद्रवी ठरत नाही.

शेवटच्या वर्षांत हृदयविकाराने तो अंथरुणाला खिळला होता. त्या काळातल्या कविता ‘अदाजिओ’ या नावाने १९४७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, संग्रहरूपात आल्या. गद्यातली रेलचेल इथे पार ओसरली आहे. ओळी आखूड, शब्द साधे आणि बोलणे थेट ईश्वराशी. सर्व वस्तूंचा गाभा शांत आणि अंतहीन आहे, असे सांगणारी त्यातली कविता आजही फ्लँडर्समध्ये अंत्यविधीच्या वेळी वाचली जाते. चित्रकार आड्रियान ब्राउवर याच्यावरील कादंबरी १९४८ मध्ये निघाली. अनेक भाषांत भाषांतरे झाली असली, तरी बोलीवर उभे असलेले त्याचे विनोद आणि लाडिक नामरूपे परभाषेत बरीच गळतात. त्यामुळे भाषांतरातून त्याची ओळख करून घेणाऱ्याला ‘पालीटर’पेक्षा ‘बूरनप्साल्म’ आणि सिम्फोरोसाची कथा अधिक जवळची वाटण्याची शक्यता आहे.