दाओचं पाणी

साताऱ्याकडे माझ्या एका मित्राच्या घरी खंडेनवमीला शस्त्रं पुजायला मांडतात, त्यात एक जुनी तलवार, विळे, कुऱ्हाड आणि सोबत एक वेगळाच कोयता असतो. आपला कोयता पुढे आत वळलेला असतो, हा अगदी सरळ, मुठीपाशी दोन बोटं रुंद आणि पुढे जाता जाता चांगला चार बोटं होतो, आणि टोक असं नाहीच, पुढून सरळ छाटल्यासारखा. घरात त्याला आजोबांचा बर्मातला कोयता म्हणतात. यंदा काकांनी ठरवलं की गंज फार चढलाय, वेल्डिंगवाल्याकडे नेऊन ग्राइंडर मारून चकाचक करून आणायचा. मित्राने सहज फोटो पाठवला आणि मी लगेच फोन केला की काकांना म्हणावं थांबा, ग्राइंडर लावू नका.

तो कोयता म्हणजे नागा लोकांचा दाओ आहे. आजोबा फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते आणि ही बटालियन दुसऱ्या महायुद्धात, मार्च 1944 मध्ये मणिपूरच्या उखरुल डोंगरात होती. जपानी फौज चिंदविन नदी ओलांडून आली तेव्हा सांगशाक नावाच्या तांगखुल नागा गावाजवळ पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडसोबत या मराठ्यांनी तिला 26 मार्चपर्यंत अडवून धरलं. खाली खडक असल्यामुळे खंदक खोल खणता येत नव्हते आणि प्यायला पाणी जवळपास नव्हतंच. हे जे दिवस मिळाले त्यांचा पुढच्या कोहिमाच्या लढाईच्या तयारीला मोठा उपयोग झाला, आणि तरी आपल्याकडे सांगशाक हे नाव किती जणांना माहिती आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. या सगळ्या लढाईत नागा लोक वाटाडे होते, हमाल होते, जखमींना डोंगरातून वाहून नेत होते आणि कमरेला मागच्या बाजूला प्रत्येकाचा दाओ, त्यामुळे परत जाताना आठवण म्हणून सैनिकांना तोच हवासा वाटला यात नवल नाही. उत्तर बर्मात कचिन लोकांबरोबर लढलेले अमेरिकनसुद्धा याच जातकुळीतली कचिनांची धा घेऊन घरी गेले.

आता विज्ञानाकडे येतो. दाओ हातात धरला की पहिल्यांदा जाणवतं की वजन सगळं पुढे आहे. वस्तुमान मुठीपासून जितकं लांब, तितकं ते घावाच्या वेळी जास्त वेगाने फिरतं आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून थोड्या वजनात मोठा घाव बसतो. शिवाय फिरणाऱ्या कुठल्याही पात्यावर एक अशी जागा असते की तिथे घाव बसला तर हाताला झटका बसत नाही, क्रिकेटवाले तिला बॅटचा स्वीट स्पॉट म्हणतात. एका टोकाला धरलेल्या सारख्या जाडीच्या पट्टीत ती साधारण दोन तृतीयांश लांबीवर येते, पण दाओ पुढे रुंद असल्यामुळे ती अजून पुढे सरकते. मित्राला म्हटलं धार कुठे सगळ्यात जास्त झिजलीय ते बघ, तर नेमकी पुढच्या भागात, रुंद होतं तिथे, म्हणजे ज्या माणसाचा हा दाओ होता त्याने तो वर्षानुवर्षं तिथेच मारलाय आणि तिथेच दगडावर घासलाय. हा दाओ शोभेसाठी केलेला नाही हे एवढ्यावरूनच कळतं.

तो मारायचा कशावर, तर मुख्यतः बांबूवर. झूम शेतीसाठी, म्हणजे डोंगरावरची झाडी तोडून-जाळून करतात त्या फिरत्या शेतीसाठी, जंगल साफ करणं, घर, कुंपण, टोपल्या सगळं यानेच. बांबूच्या बाहेरच्या सालीत सिलिका असते, म्हणजे वाळू ज्याची बनते तेच, त्यामुळे मऊ धार पटकन बोथट होते. म्हणून धार कडक पाहिजे, पण पातं तुटताही कामा नये. पात्याची एक बाजू सपाट आणि उतार फक्त दुसऱ्या बाजूला, सुताराच्या पटाशीसारखा, त्यामुळे लाकडात तिरकी घुसून ढलपी एका बाजूला उडते.

आणि कडकपणा येतो कुठून, तर आपले लोहार म्हणतात तसं पाणी दिल्याने. तिकडे बांबूच्या दोन उभ्या नळ्या आणि त्यात पिसांचे दट्टे असा भाता असतो, पण भट्टीत जे होतं ते सगळीकडे सारखंच. अर्धा-पाऊण टक्का कार्बन असलेलं पोलाद साधारण 800 अंश सेल्सिअसला लालबुंद तापलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन त्यात विरघळतो, मग एकदम पाण्यात बुडवलं की कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि मांडणी ताणली जाते, हेच मार्टेन्साइट. हे खूप कडक पण काचेसारखं ठिसूळ, म्हणून परत हलकं तापवतात. पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो, रस्त्यावरच्या डबक्यात डिझेलचा तवंग रंगीत दिसतो ना तसंच, साधारण 220 अंशाला गवती पिवळा, 280 ला जांभळा, 300 च्या आसपास निळा. थर्मामीटर नसताना लोहार हे रंग बघून नेमका थांबतो, मला तर हे कायम थक्क करतं.

ग्राइंडर नेमकं इथेच नुकसान करतो. पातळ धारेवर दगड फिरला की काही सेकंदात ती कित्येक शे अंशांवर जाते, निळी पडते आणि पाणी उतरतं. वरून चकचकीत दिसेल पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या नागा लोहाराने जे केलं होतं ते गेलं, परत आणता येत नाही. झिजेच्या खुणा जातात त्या वेगळ्याच.

गंजाचंही सांगितलं. लाल गंज सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो, तो काढायचाच. काळा थर मात्र घट्ट बसलेला असतो, तो राहू द्यायचा. लिंबू-चिंच लावली की आम्ल तोही खातं. शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी बांबूच्या काडीने हलकेच खरवडायचं आणि मऊ फडक्याने पुसायचं, मुठीवरच्या वेताच्या विणीला पाणी अजिबात नको. घामात मीठ असतं, म्हणून पात्याला उघडा हात लावायचा नाही.

काकांनी तीन दिवस बसून हे सगळं केलं. नवमीला ओलं हळदकुंकू पात्यावर न लावता खाली पाटावर वाहिलं, आणि काकूंनी शेजारी एका कागदावर "सांगशाक, 1944" लिहून ठेवलं.