पानं पिवळी पडली की झिंकच मारायचं का?

काटोल-नरखेडकडं संत्र्याच्या बगीच्यात पानं पिवळी दिसली की कृषी केंद्रवाला झिंक देतो, शेतकरी फवारतो, आणि बरेचदा ते बरोबरही असतं. पण ग्रीनिंग रोगातही पानं पिवळीच पडतात आणि तिथं झिंकनं रोग हटत नाही. एक पान तोडून मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू बघा. झिंक कमी असेल तर पिवळेपणा दोन्हीकडं सारखा, ग्रीनिंगमध्ये मात्र एकीकडं एक अन् दुसरीकडं भलतंच, ठिगळं लावल्यासारखं.

असं का होतं, तर मला या रोगातला हाच भाग भारी वाटतो. पानात बनलेली साखर ज्या नळ्यांतून मुळांपर्यंत जाते त्या फ्लोएममध्ये ग्रीनिंगचा जिवाणू राहतो, सिट्रस सिला नावाचा इवलासा किडा रस पिता पिता तो तिथं सोडतो. मग झाड काय करतं, नळीतल्या चाळणीच्या भोकांवर कॅलोज नावाचा पदार्थ थापून जिवाणूची वाट बंद करायला जातं, पण त्याच भोकांतून साखरही जात असते ना! ती पानातच तुंबते, तिचा स्टार्च साचतो, हरितलवकं फुगून मोडतात आणि तेवढाच तुकडा पिवळा पडतो. खाली मुळं उपाशी. 2022 मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी तर दाखवलं की बरंचसं नुकसान झाडाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती करते.

त्याच फ्लोरिडात हा रोग 2005 मध्ये सापडला. त्याआधी 2003-04 ला तिथं संत्र्याच्या 24 कोटींच्या वर पेट्या निघाल्या होत्या, आता 2 कोटीही निघत नाहीत. वादळांनीही झोडपलं म्हणा, पण मुख्य मार ग्रीनिंगचा. लागण झालेलं झाड कित्येक महिने ठणठणीत दिसतं आणि तोवर सिला रोग पुढं नेत राहतो.

म्हणून तयारी रोपापासूनच करावी लागते, कारण रोगी झाडाचा डोळा बांधला की रोगही कलमासोबत येतो. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंड्याचं अगदी टोक, मिलिमीटरपेक्षाही बारीक, सूक्ष्मदर्शकाखाली कापून खुंटावर बसवतात. तिथवर फ्लोएम पोचलेलंच नसतं, त्यामुळं रोप निरोगी निघतं.

बाकी बगीच्याच्या फाटकावर नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची टांगणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की ग्रीनिंग लिंबालाही होतो! आणि 'एका फवारणीत ग्रीनिंग गायब' म्हणणाऱ्या बाटल्या घेऊ नका, लागलेल्या झाडावर अजून खात्रीचा इलाज नाही.

सिला अंडी घालतो कोवळ्या नवतीवरच, म्हणजे नव्या पालवीवर, तेव्हा आंबिया बहाराची नवती फुटली की शेंडे उलटून बघायचे, आणि फवारणी करायची तर आजूबाजूच्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात, नाहीतर बांधापलीकडच्या सोडून दिलेल्या बगीच्यातून तो पुन्हा येतोच.