हेल्मेटसक्ती (पुणे)

पुण्यात दुचाकीवाल्यांनी हेल्मेट घालावं म्हणून पोलिसांनी वेळोवेळी काढलेल्या मोहिमा आणि त्यांना पुणेकरांनी दिलेली टक्कर. कायदा काही पुण्यापुरता नाही, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२९ देशभर लागू आहे (पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट), पण त्यावरून एवढं रण दुसरीकडे क्वचितच पेटलं असेल.

१ जानेवारी २०१९ पासून तेव्हाचे पोलीस आयुक्त के. व्यंकटेशम यांनी कारवाई कडक केली, दंड ५०० रुपये. दोनच दिवसांत विरोधकांचा मोर्चा निघाला, त्यात काहीजण चक्क पुणेरी पगडी घालून. म्हणणं काय, तर शहरात ट्रॅफिकमुळे गाडी पळतच नाही, मान दुखते, करायची तर हायवेवर सक्ती करा. जूनमध्ये आमदार मुख्यमंत्री फडणवीसांकडे गेले आणि रस्त्यात अडवून कारवाई नको असं ठरलं. कायदा होता तिथेच राहिला, विधानसभेची निवडणूक मात्र चार महिन्यांवर आली होती.

खरी झटापट चौकातली. मामा, म्हणजे ट्रॅफिक पोलीस, सिग्नलच्या अलीकडे झाडाआड उभे, समोरून येणारा अनोळखी माणूस हातानं खूण करतो की पुढे मामा आहेत, मग लोक गल्लीत घुसतात नाहीतर राँग साइडनं परत फिरतात, म्हणजे एक नियम मोडला होता त्याचे दोन होतात. कोपरात अडकवलेलं हेल्मेट चौकापुरतं डोक्यावर चढतं, पट्टा न लावताच. पकडलं की आधी "साहेब, इथंच तर चाललोय", मग "तो बघा गेला, त्याला का सोडला?", मग नगरसेवकाला फोन, आणि शेवटी पावती न फाडता मिटवायची भाषा. राग दंडापेक्षा या "मलाच का" चा जास्त असतो आणि त्यात तथ्य आहे, कारण एका हवालदाराला सगळे अडवता येत नाहीत, कुणाला अडवायचं ते तोच ठरवतो, आणि त्यात कॉलेजची पोरं आधी सापडतात, कडक इस्त्रीचे पांढरे कपडेवाले जरा कमीच.

ई-चलन आल्यावर हुज्जत संपेल असं वाटलेलं. कॅमेऱ्याशी भांडता येत नाही खरं, पण लोकांनी नंबर प्लेट वाकवल्या, आणि त्याहून सोपं म्हणजे मेसेज आला तरी पैसे भरलेच नाहीत. लोकअदालतीत थकलेला दंड कमी रकमेत मिटतो हे माहीत असल्यानं पुष्कळजण तिच्या तारखेकडे डोळे लावून बसतात, आणि गाडी विकताना ट्रान्सफर अडलं की मग सगळी चलनं एकदम भरतात.