पिंपावर न लिहिलेलं विष

फरशी कापायचं यंत्र सुरू झालं की पांढऱ्या धुळीचा लोट उठतो. नाकातोंडावर रुमाल बांधलेला माणूस डोळे किलकिले करून काम रेटतो. काही मिनिटांनी लोट खाली बसतो, हवा स्वच्छ दिसू लागते आणि रुमाल गळ्यात येतो. पण खाली बसली ती भरड धूळ. ती बहुतेक नाकाघशातच अडकते. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे सिलिकाचे (वाळूत आणि दगडात असणाऱ्या खनिजाचे) कण साधारण 4 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याएवढे. ते एरवी दिसत नाहीत आणि बराच वेळ हवेत तरंगत राहतात.

ते दिसावेत म्हणून तपासनीसांची एक साधी युक्ती आहे. काम करणाऱ्याच्या पलीकडे प्रखर दिवा ठेवायचा, दिव्याचा झोत थेट डोळ्यांत येणार नाही अशी आड धरायची आणि दिव्याच्या दिशेने बघायचं. कवडशात धूलिकण नाचताना दिसतात ना, तोच प्रकार. मघाशी स्वच्छ वाटलेल्या हवेत धुराच्या वेटोळ्यासारखी धूळ थेट माणसाच्या तोंडाशी जाताना दिसते. किती धूळ आहे ते दिवा सांगत नाही, पण ती कुठून निघते आणि कुठे जाते ते सांगतो. रुमालाची लायकीही तिथेच कळते.

मग प्रश्न उरतो किती, याचा. फरशी अखंड असताना तिच्यातल्या सिलिकापासून काही अपाय नाही. खुशाल तिच्यावर झोपा. धोका पदार्थात असतो, जोखीम मात्र तो अंगात किती, कसा आणि किती काळ जातो यावर ठरते. अमेरिकेत अशा बारीक सिलिकाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे 50 मायक्रोग्रॅम आहे. एका पाळीत माणूस साधारण 10 घनमीटर हवा आत घेतो असं धरतात. गुणाकार केला तर अर्धा मिलिग्रॅम! बारीक साखरेच्या एखाद्या दाण्याएवढं वजन, तेही दिवसभरात मिळून.

आता त्या फरशीवर कवटीचं चित्र असतं का? नसतं. रसायनांच्या पिंपावर असतं, आणि गंमत म्हणजे लोक कवटीलाच घाबरतात. छातीवर चांदणी फुटल्यासारखी माणसाची आकृती असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. खरं तर कर्करोग किंवा श्वसनाची ॲलर्जी अशा मागाहून उमटणाऱ्या अपायांची खूण ती. पण वेल्डिंगचा धूर, लाकडाचा भुसा, दगडाची धूळ ही कामातूनच जन्मतात, त्यांना लेबल कोण लावणार? म्हणून गोदामातल्या डब्यांची यादी केली आणि जोखीम तपासून झाली, असं समजणं मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. यादी कामाच्या मागे फिरून करायची.

डब्यातून येतं त्याच्यासोबत सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या रसायनाच्या धोक्यांची माहितीपत्रिका असते, सोळा भागांची. मी आधी धोके सांगणारा दुसरा भाग वाचतो, मग आठवा भाग. आठव्यात हवेतली मर्यादा आणि संरक्षणाची साधनं असतात. तिथे नुसतंच ‘योग्य हातमोजे वापरा’ लिहिलं असेल तर पुरवठादाराला फोन करावा, कारण नायट्राइल या कृत्रिम रबराच्या पातळ मोज्यांतून डायक्लोरोमिथेनसारखं द्रावक काही मिनिटांत आरपार जातं. मोजा कोरडा दिसतो, हात मात्र भिजत असतो.

नाकावरही भरवसा नको. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. हायड्रोजन सल्फाइड थोडं असताना सडक्या अंड्यांसारखं घाण मारतं, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून टाकीत उतरणारा माणूस तिथेच फसतो.

इतकं करूनही एक जण यादीतून हमखास सुटतो. फरशी कापताना पात्यावर पाणी सोडलं, धूळ उडाली नाही, सगळं नीट झालं. खाली साचलेला चिखल दुपारपर्यंत वाळला. संध्याकाळी कारागीर घरी गेल्यावर कुणीतरी कोरडा झाडू घेऊन तो झाडतो. एकदा तो दिवा त्या झाडूपलीकडे ठेवून बघा.