उशाशी उरलेलं सामान

सलाईनच्या नळीचा मासा एकेकाळी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत किल्ल्यांच्या जुडग्याला सर्रास लटकलेला असे. नळी उभी चिरून पट्ट्या काढायच्या, त्या एकमेकींत ओवून पोट विणायचं आणि उरलेली टोकं बारीक कातरून शेपटी करायची. हे काम वॉर्डात पडून असलेल्या पेशंटांचं आणि त्यांच्याजवळ बसलेल्या नातेवाइकांचं. मोठं दुखणं निघालं की सीमाभागातली माणसं पेशंटला मिरजेला हलवत, डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल तिथं १८९४ पासूनचं. परगावी दिवस काढायचे तर हाताला चाळा हवाच. शिवाय जुन्या लुगड्यांचे थर लावून वाकळ शिवणाऱ्या घरांत चिंधीसुद्धा वाया जात नव्हती, तिथं नळी कोण टाकणार?

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले. वापरलेल्या नळ्या कापून निकामी करणं बंधनकारक झालं, आणि २०१६ च्या नियमांनी त्यांची रवानगी लाल पिशवीत झाली. झालं ते योग्यच. कुणाचं रक्त लागलेली नळी पोराच्या हाती जाणं बरं नव्हे. एव्हाना दुखणंही वॉर्डातून घरी मुक्कामाला आलं होतं. शुगर, बीपी, थायरॉईड म्हटलं की गोळी रोजची. रिकाम्या स्ट्रिपा साठू लागल्या. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटलेलं, त्यामुळे भंगारवालाही त्यांना हात लावत नाही. मग त्यांची तोरणं होतात, आकाशकंदील होतात.

आजारपणाचं सामान कलेत आणणारं सर्वांत गाजलेलं नाव मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलो. १९२५ च्या बस अपघातानंतर पाठीला आधार म्हणून प्लॅस्टरची कॉर्सेट तिच्या नशिबी आली, आणि ती तिनं अंगावर असतानाच रंगवली. ‘फार्माकोपिया’ या ब्रिटिश कलागटानं २००३ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेल्या ‘क्रेडल टू ग्रेव्ह’ या कामात जाळीदार कापडाच्या दोन लांब पट्ट्या आहेत, एक पुरुषाची, एक स्त्रीची. प्रत्येकीत १४,००० हून अधिक गोळ्या ओवलेल्या: ब्रिटनमधल्या एका माणसाला जन्मभरात डॉक्टरांनी सरासरी लिहून दिलेल्या औषधांचा अंदाज. सोबत घरगुती फोटोही.

इतका उघडेपणा आपल्याकडे अजून परवडत नाही. घरात लग्नाची मुलगी असेल तर तोरण करतानाही औषधाचं नाव छापलेली बाजू भिंतीकडेच जाते.